आजचे किती?

जुन्या नाण्यांच्या काचपेटीसमोर मराठी माणूस फार तर अर्धं मिनिट उभा राहतो. पहिली पंधरा सेकंदं पाटी वाचण्यात जातात. उरलेल्या पंधरांत तो शेजारच्याला विचारतो, "म्हणजे आजचे किती?"

राजा कोण, शतक कुठलं, नाण्यावर घोडा आहे की हत्ती, यातल्या कशावाचून त्याचं अडत नाही. कीर्तनकाराने राजाने ब्राह्मणाला सहस्र सुवर्णमुद्रा दिल्याचं सांगितलं की मागच्या ओळीतले ओठ हलू लागतात. बुवांना वाटतं नामस्मरण चाललंय. तो गुणाकार असतो. शेजारच्यालाही उत्तर ठाऊक असतंच. "एका मुद्रेचे लाखभर धरा ना," असं तो म्हणतो, आणि प्रश्न मिटतो. या हिशोबात सगळं धरलेलंच असतं.

या प्रश्नाला उत्तर नाही, असं मात्र कुणी समजू नये. उत्तरं भरपूर आहेत. विचारणाऱ्याला आधीपासून हवं असलेलं उत्तर त्यात हमखास सापडतं, हीच तर त्याची गंमत.

ही खोड आजची नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तो कोरवून घेतला. जावई असूनही हा गृहस्थ सतत देत होता, यावरूनच त्याचं वेगळेपण लक्षात यावं. देव-ब्राह्मणांना त्याने ७०,००० कार्षापण दिले, आणि पुढे तिथेच खुलासा कोरला: ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे २,००० सुवर्ण. लेण्याच्या भिंतीवर भागाकार करून दाखवणारा दाता मला दुसरा माहीत नाही. बहुधा दान जाहीर झाल्यावर गर्दीतून कुणीतरी विचारलं असणार, "म्हणजे सोन्यात किती?"

त्याच लेण्यातल्या भिक्षूंसाठी उषवदाताने ३,००० कार्षापण कायमचे ठेवले. ठेवले कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा एक टक्क्याने, आणि १,००० दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज खायचं. दोन हजारांचं वर्षाचं व्याज २४० झालं, आणि वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी. हिशोब तंतोतंत जुळतो. हे वाचून निवृत्त माणसांना धर्मादाय वगैरे काही दिसत नाही. त्यांना बारा टक्के दिसतात. "बारा? आणि कुठे, विणकरांकडे?" असं म्हणून ते लेण्याबाहेर येऊन गोवर्धन कुठल्या बाजूला आहे ते विचारतात. गाव अजून आहे. तो व्याजदर नाही.

आता आपलं ठरलेलं काम करू. भिक्षूला कापडासाठी मिळाले १२ कार्षापण, म्हणजे आजचे किती?

कार्षापण हे नहपानाचं चांदीचं नाणं धरलं, तर ते सव्वादोन ग्रॅमच्या आतबाहेरचं. बारा नाणी म्हणजे साधारण २६ ग्रॅम चांदी. तोंडी हिशोबासाठी चांदी शंभर रुपये ग्रॅम समजू. (हा लेख छापून येईपर्यंत भाव हललेला असेल. तो कार्षापणाचा दोष नव्हे.) भिक्षूच्या हातात पडले २,६०० रुपये. वर्षभराच्या चीवराला ठीक आहे, सुती कापड येईल, शिलाई नाहीच.

आता सोन्याच्या वाटेने जाऊ. ती वाट उषवदाताने स्वतःच दाखवली आहे. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण. हा सुवर्ण म्हणजे कुषाणांचं आठेक ग्रॅमचं नाणं, असं काही अभ्यासक धरतात. म्हणजे बारा कार्षापणांत पावणेतीन ग्रॅम सोनं. सोनं दहा हजार रुपये ग्रॅम समजलं, तर भिक्षूला मिळाले सत्तावीस हजार. तोच भिक्षू, तीच बारा नाणी, तेच लेणं, आणि अंगावर पैठणी!

फरकाचं कारण सरळ आहे. त्या काळी सोनं चांदीच्या सुमारे दहापट होतं. आज कितीपट आहे ते सकाळच्या पेपरात पाहावं. दहापट नाही एवढं नक्की. तेव्हा भिक्षू किती अपरिग्रही होते हे ज्याला सांगायचं असेल त्याने चांदीने जावं, आणि मठांत किती पैसा होता हे ज्याला सांगायचं असेल त्याने सोन्याने. शिलालेख दोघांनाही अडवत नाही.

गौतमीपुत्र सातकर्णीने या भानगडीत न पडता सगळ्यांत सोपा मार्ग काढला. त्याने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्या नाण्यांवर स्वतःचा छाप मारला. सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी गावी १९०६ साली १३,००० हून जास्त नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या मुखड्यावर सातकर्णीचा ठसा आहे. कालच्या एका नाण्याचं आजचं एक नाणं, कमिशन शून्य. एवढा स्वच्छ विनिमय दर त्यानंतर कुणी दिला नाही.

धातूंवर ज्यांचा विश्वास नाही ते पगाराची वाट सुचवतात. माणसाच्या श्रमाची किंमत सगळ्या काळात सारखीच, असं त्यांचं म्हणणं. बरं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पगारांची यादीच दिलेली आहे. सर्वांत खालच्या सेवकाला वर्षाला ६० पण, आणि मंत्री, पुरोहित, सेनापती, आचार्य, युवराज, राजमाता, पट्टराणी यांना प्रत्येकी ४८,०००. खालून सुरुवात करू. आजच्या गड्याला महिना पंधरा हजार, म्हणजे वर्षाला एक लाख ऐंशी हजार. भागिले ६०. एक पण म्हणजे तीन हजार रुपये. या दराने मौर्यांचा मंत्री वर्षाला चौदा कोटी चाळीस लाख घेत होता, आणि तेही पांढऱ्यात.

आता वरून येऊ. आजच्या मंत्र्याला सगळं मिळून महिना तीन लाख समजा. वर्षाचे छत्तीस लाख, भागिले ४८,०००. एक पण म्हणजे पंचाहत्तर रुपये. या दराने मौर्यांच्या गड्याला वर्षाला साडेचार हजार मिळाले. म्हणजे पण तीन हजारांचा तरी आहे किंवा पंचाहत्तरचा तरी. कोणता खरा, हे आपण हिशोबाला मंत्र्याच्या बंगल्यात बसलो की गड्याच्या खोलीत, त्यावर आहे. माझ्या ओळखीतले प्राध्यापक एकमुखाने गड्याच्या खोलीत बसतात. आचार्यांचं नाव ४८,००० च्या यादीत आहे ना!

होनाच्या बाबतीत मराठी माणूस असला विचार करत नाही. तिथे थेट सोनं. पुरंदरच्या तहात, १६६५ मध्ये, शिवाजीमहाराजांना २३ किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख द्यावा लागला, हे आपण शाळेत शिकलो आणि तेव्हापासून ते आपल्याला सलत आहे. होन तीनेक ग्रॅमचा धरला तर वर्षाला बाराशे किलो सोनं, म्हणजे मघाच्या दराने बाराशे कोटी. आकडा आला की घरात क्षणभर शांतता पसरते. मग कुणीतरी मोबाइलवर पाहतं, की पुणे महापालिकेचं एका वर्षाचं अंदाजपत्रक हल्ली दहा हजार कोटींच्या वर असतं. म्हणजे तेवीस किल्ले आणि त्यांच्याखालचा मुलूख यांचं उत्पन्न एका महापालिकेच्या आठव्या हिश्शाइतकंही नाही! तहात समोर बसलेल्या मिर्झाराजांना हे माहीत असतं तर त्यांनी सिंहगड मागितला नसता, मुळा-मुठेच्या काठचा एखादा प्रभाग मागितला असता.

गोम अशी की त्या चार लाख होनांत किती घोडे, किती शिबंदी आणि किती वर्षांची निश्चिंती येत होती, ते सोन्याच्या भावात कुठेच दिसत नाही. तराजू त्याच्यात टाकलेल्या वस्तूचंच वजन सांगतो.

घरोघरचे आजोबा या क्षेत्रातले सर्वांत जुने जाणकार. चार आण्यांत सिनेमा, आण्यात चहा आणि वर पेपर वाचायला फुकट, असे त्यांचे दर पाठ असतात. नातू बिचारा दोनशे रुपयांच्या कॉफीचा कप हातात धरून खजील होतो. या हिशोबात एक आकडा नेहमी गायब असतो, तो म्हणजे आजोबांचा पगार. तो शेवटी आजी सांगते, स्वयंपाकघरातून. १९६० च्या सुमाराला आजोबांना नव्वद रुपये मिळत. तेव्हा दहा ग्रॅम सोनं शंभर-सव्वाशेच्या घरात. म्हणजे आजोबांचा महिना आठेक ग्रॅमचा. नातवाला मिळतात ऐंशी हजार, भागिले दहा हजार, म्हणजे आठ ग्रॅम. दोन पिढ्या घासल्या, मधल्या पिढीने कर्ज काढून शिक्षण केलं, आणि घराणं सोन्याच्या हिशोबात जागच्या जागी! आजोबा यावर काही बोलत नाहीत. आण्याच्या चहावर वाचायला पेपर कोणता यायचा, ते आठवण्याचा प्रयत्न करतात.

वजनमापांत तरी हा घोळ नसेल, असं वाटतं. ते वाटणं स्वयंपाकघराच्या दारापर्यंतच टिकतं. आजीच्या वहीत नारळाच्या वड्या लिहिलेल्या असतात: नारळ एक, साखर एक शेर. सून मोबाइलवर विचारते, शेर म्हणजे किती. उत्तर येतं, ९३३ ग्रॅम. उत्तर बरोबरच आहे. तो ८० तोळ्यांचा सरकारी शेर. पण आजी गिरगावातली. मुंबईचा मण २८ पौंडांचा, त्याचा चाळिसावा भाग शेर, म्हणजे ३१८ ग्रॅमसुद्धा पुरते नाहीत. सरकारी शेराचा जेमतेम तिसरा हिस्सा! वहीत नारळ आणि साखर दोन्ही शेरात असती तर प्रमाण तरी टिकलं असतं, पण नारळ कुठल्याच प्रांतात शेराचं ऐकत नाही. ९३३ ग्रॅमने केलेली वडी पडते छान. ती नारळाची वडी नसते, नारळाचा वास लागलेली खडीसाखर असते. मग "आमच्या आईंच्या हाताची चव काही वेगळीच होती" असं नवरा म्हणतो. ती चव ६१५ ग्रॅमने वेगळी होती.

गावाकडे गेलं की पायली भेटते. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली, अशी ती चढण; चार शेरांची पायली, कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळा, आणि वीस मणांची खंडी. "पायली म्हणजे किती किलो?" हा शहरातल्या पाहुण्याचा आवडता प्रश्न. गावचा म्हातारा उलट विचारतो, "कशाची?" तिथे पाहुणा अडखळतो. पायली मापाची, वजनाची नाही. ज्वारीची पायली आणि चुरमुऱ्यांची पायली एकाच वजनाच्या कशा असतील? त्यात पुन्हा शीग. माप वर टोक येईपर्यंत भरायचं की तळव्याने सपाट करायचं, हे कुठल्या कोष्टकात नसतं. सावकार धान्य देताना सपाट देई आणि घेताना शीग लावून घेई. दशमान पद्धतीत त्याची ही सोय गेली, म्हणून त्याला पुढे बाकीच्या सोयी शोधाव्या लागल्या.

पण रूपांतराचा खरा उत्सव पाहायचा असेल तर योजनाकडे यावं. दर रथसप्तमीला कुटुंबाच्या ग्रुपवर एक काका हनुमानचालिसेतल्या 'जुग सहस्र जोजन'चा गुणाकार पाठवतात. बारा हजार गुणिले एक हजार गुणिले आठ. योजन आठ मैलांचं धरलं की सूर्याचं अंतर नऊ कोटी साठ लाख मैल येतं. शास्त्रज्ञांचं आहे सुमारे नऊ कोटी तीस लाख. खाली नमस्काराची सात चिन्हं. ग्रुप भारावतो.

मग रामनवमी येते. रामायणातला समुद्र शंभर योजनांचा. रथसप्तमीच्या योजनाने तो आठशे मैल, म्हणजे जवळजवळ तेराशे किलोमीटर होतो. धनुष्कोडीहून श्रीलंकेचा किनारा तर तीस किलोमीटरच्या आसपास. काका डगमगत नाहीत. योजन हे स्थलकालानुसार बदलत असे, असं ते लिहितात, आणि त्यात तथ्यही आहे. आर्यभटाने पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं सांगितला, सूर्यसिद्धान्ताने १,६००. पृथ्वी दोघांच्या पायाखाली तीच होती. आर्यभटाचं योजन आठ हजार पुरुषांच्या उंचीइतकं, त्यामुळे ते बारा किलोमीटरांच्या घरात जातं, आणि दुसऱ्याचं आठाच्या. इतपत लवचीकपणा कुठल्याही मापाला शोभतो. पण धनुष्कोडीसमोर शंभर योजनं बसवायची तर योजन तीनशे मीटरवर आणावं लागतं. तेवढ्या अंतराला पुण्यातला रिक्षावाला मान हलवून नाही म्हणतो. शिवाय तेच योजन पुढच्या रथसप्तमीला वापरलं, तर सूर्य छत्तीस लाख किलोमीटरवर येऊन उभा राहतो. मग अंगणात दूध उतू घालायला गोवरी पेटवायची गरज नाही. दूधही लागणार नाही, अंगणही.

एकदाच काय ते सरकारने सगळं सरळ करायचं ठरवलं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. तारीख कुणी निवडली कोण जाणे. सोळा आणे आणि शंभर पैसे यांचा भागाकार सव्वासहा येतो, आणि पाव पैशाचं नाणं कुणी पाडलं नव्हतं. म्हणून कोष्टक निघालं: एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. तीन आण्यांची वस्तू एकदम घेतली तर एकोणीस, आण्याआण्याने तीनदा घेतली तर अठरा. काही घरांतल्या मुलांना त्या वर्षी एकाच दुकानात तीन-तीन खेपा का घालाव्या लागल्या, ते यावरून समजेल. पावकी, निमकी, पाऊणकीपासून औटकीपर्यंत पाढे पाठ केलेल्या मास्तरांना मात्र हे फारच सोपं वाटलं. साडेतीनचा पाढा पाठ करून मोठ्या झालेल्या माणसाला नुसती शून्यं पुढे सरकवायला सांगणं हा त्यांच्या मते विद्येचा अपमान होता.

आणा नाण्यातून गेला, बोलण्यातून गेला नाही. सरकारी कागदात पिकांची पैसेवारी लागते, पण पारावर अजून आणेवारीच. सुतार मिलिमीटरची टेप लावतो आणि "दोन सूत कमी" म्हणतो. वाळू ब्रासमध्ये येते. सातबारावर हेक्टर आणि आर आहेत. भांडण गुंठ्यावरून होतं.

आणि तोळा. खरा तोळा ११.६६ ग्रॅमचा, बारा मासे, मासा आठ गुंजांचा. दुकानात आज तोळा म्हणतात तो सरळ दहा ग्रॅमचा. या दीड-पावणेदोन ग्रॅमबद्दल एरवी कुणी तक्रार करत नाही, कारण घेतानाही दहा आणि देतानाही दहा. अडचण येते ती आजीच्या पाटल्या वाटायच्या वेळी. पाटल्या पाच तोळ्यांच्या, हे अख्ख्या घराला ठाऊक. मृत्युपत्रात तसं लिहिलेलंही. थोरल्या सुनेने पाटल्या घ्याव्यात आणि पाच तोळ्यांच्या निम्मे पैसे धाकटीला द्यावेत, असं ठरतं. पाटल्या काट्यावर जातात आणि काटा अठ्ठावन्न ग्रॅम दाखवतो. थोरली म्हणते, पाच तोळे म्हणजे पन्नास ग्रॅम, पंचवीसचे पैसे घे. धाकटी म्हणते, काट्यावर पावणेसहा तोळे आहेत, एकोणतीसचे दे. थोरल्या दिरांचं मत पडतं की आईने जुन्या तोळ्यात लिहिलं, तेव्हा हिशोब जुन्या तोळ्याचा आणि पैसे जुन्या भावाने. हे ऐकून दोघी जावा त्या दिवसात पहिल्यांदा एकमेकींच्या बाजूने बोलतात. शेवटी सोनारच चष्मा कपाळावर सरकवून म्हणतो, "वहिनी, वरच्या आठ ग्रॅमचा वाद कशाला? जुना माल आहे. टाका आणि मळ धरून तेवढी घट जाईलच."